ग्वाल्हेरला मूळ घर बघायला येताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "काकू, आम्ही येतोय. पणजोबांचं घर बघायचंय." पुणे, ठाणे, बंगळुरू, न्यू जर्सी, कुठूनही. या, आनंदच आहे. पण येणारे सगळे तेच ते घोळ घालतात आणि ते निस्तरायला आम्ही इथले. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

कागदांचा विषय पहिल्याच दिवशी काढणं

लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या जुन्या वाड्यात तीन-चार चुलत घरं, एखादा पिढीजात भाडेकरू आणि कोर्टात पडून असलेली एक केस, हे बहुतेक ठरलेलं. जे मागे राहिले त्यांनी गळकी गच्ची दुरुस्त केली, घरपट्टी भरली, म्हाताऱ्यांचं केलं. अशा घरात इतक्या वर्षांनी कुणी उगवून "रजिस्ट्री कुणाच्या नावावर आहे?" असं विचारलं, तर समोरच्यानं काय समजावं?

आमच्या चुलत घराण्यातला एक मुलगा असाच आला. गुणी मुलगा. त्याला वंशावळ करायची होती, बाकी काही नाही. स्टेशनवरून आल्यावर सामान आमच्याकडे टाकलं आणि चहाही न घेता वाड्यावर गेला. दिंडी दरवाजातून आत शिरतानाच मोबाइलवर शूटिंग सुरू. चौकात उभं राहून खोल्या मोजल्या. जिना, तुळया, बंद खोलीचं कुलूप, सगळ्याचे फोटो काढले. वाड्यातल्या काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, तर हा त्यांनाच विचारतो, "आपण कोण?" मग त्या घरातले मोठे, नाना, आले. त्यांना वाकून नमस्कार केला खरा, पण कॅमेरा चालूच. आणि तिसऱ्या वाक्याला, "जुने कागद कुणाकडे असतात? नामांतरण झालंय का?" म्हणजे कागदावर नाव कुणाचं चढलंय.

संध्याकाळपर्यंत जनकगंजपासून मोरारपर्यंत बातमी पोचली: पुण्याची शाखा वाटणी मागायला आली. दुसऱ्या दिवशी हा गेला तर दिंडीला आतून कडी. काकू डॉक्टरकडे गेल्या होत्या म्हणे, नाना झोपले होते म्हणे. पणजोबांच्या पूजेतले टाक बघायला एवढ्या लांबून आलेला पोरगा ते न बघताच परत गेला. माझ्या सासऱ्यांनी पुन्हा पुन्हा जाऊन समजूत घातली, तेव्हा कुठे होळीच्या सुमारास नाना बोलायला लागले.

माझी रीत सांगते. पहिल्या भेटीला घरातलं मोठं माणूस बरोबर हवं. हातात नारळ, पेढे, काकूंच्या ओटीचं सामान. मोबाइल पिशवीत. आणि बोलायचं एवढंच, "देवाला नमस्कार करायचा होता." देवघराला नाही कुणी म्हणत नाही. मग चहा होतो, कुणीतरी आपणहून माडी दाखवायला नेतं आणि "फोटो काढ की" असंही म्हणतं. कागदांचं नाव तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत काढायचं नाही. तेवढ्या भेटींना सवड नाही? मग कागद राहू द्या. याला शॉर्टकट मला ठाऊक नाही, आणि असता तरी सांगितला नसता.

"आम्ही महादजींबरोबर आलो"

हे इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता मी नुसती मान हलवते. महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले. लष्कर वसलं ते दौलतरावांच्या छावणीतून, १८१० च्या सुमारास. त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैनला होती. पूर्वज महादजींच्या पदरी असतीलही, पण लष्करातला वाडा त्या काळचा असणं शक्य नाही. शिवाय कितीतरी मराठी घरं त्याच्या पुष्कळ नंतर, जयाजीराव-माधवरावांच्या वेळी, कारकुनी, मास्तरकी किंवा गाण्याच्या निमित्तानं आली. त्यात कमीपणा कसला? निघण्याआधी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो चाळा. आणि मोडीतला कागद सापडला तर "वाचून दाखवा" म्हणून आमच्यापुढे धरू नका. मोडी वाचणारे आम्हालाही शोधावेच लागतात.

नुसतं "ग्वाल्हेर" धरून निघणं

जुनं ग्वाल्हेर, लष्कर आणि मोरार ही तीन वेगळी गावं होती. आजोबांच्या पत्रावर "लष्कर" असेल तर किल्ल्याच्या उत्तरेला हजिऱ्याकडे शोधत बसू नका, बाड्यावर, म्हणजे लष्करातल्या मुख्य चौकात, या. चिटणीसांची गोठ, फाळके बाजार असं मोहल्ल्याचं नाव घरून विचारून घ्या. मोबाइलचा नकाशा बाजाराच्या तोंडाशी आणून सोडतो, पुढचं पानवाल्याला विचारायचं.

आत्यांची मुलाखत घेणं

आमच्या आत्या नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांच्यापुढे मोबाइल उभा करून, प्रश्नांची छापील यादी घेऊन एक भाची बसली. "तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणती?" आत्यांनी पदर सारखा केला, मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला मेलीला काही आठवत नाही." अर्धा तास हेच. भाची हिरमुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बसून आम्ही मटार सोलत होतो. धाकटे काका पुण्याला का गेले, कुणाशी भांडून गेले, जाताना तांब्याचा बंब कसा उचलून नेला आणि त्यावरून त्यांची आई दिवाळीपर्यंत कशी धुमसत होती, सगळं आत्यांनी आपणहून सांगितलं. भाची आतल्या खोलीत लॅपटॉपवर वंशावळीच्या चौकटी भरत होती.

म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काहीतरी काम द्या आणि आपणही तेच करा. तारखा विचारू नका. कुणाच्या लग्नात काय बिनसलं ते विचारा, तारखा मागोमाग येतात. रेकॉर्ड करायचंच असेल तर परवानगी घ्या, मोबाइल ताटाशेजारी पालथा ठेवा आणि विसरून जा. पणजोबा कुठे जात नाहीत, आत्यांकडे आधी बसा.

एका दिवसात सहा घरं

होत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. "उभ्या उभ्या येऊन जातो" म्हणालात तरी पोहे होणारच आणि ते खावे लागणारच. हॉटेलात उतरणार असाल तर आधी कळवा, गाद्या काढून झाल्यावर नको.

किल्ला वेगळ्या दिवशी ठेवा. गाडी उरवाई दरवाजानं वर जाते. किला गेटकडून गेलात तर चढ पायी आहे, मागाहून गुडघे आम्हाला दाखवू नका.

डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या तासन् तास रखडतात. त्याच दिवशीचं दिल्लीहून विमान धरलंत तर ते चुकेल. तानसेन समारोह हा संगीत महोत्सव डिसेंबरात असतो म्हणून यायचं असेल तर हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. मे-जूनमध्ये येऊच नका.

आमच्या मराठीला हसू नका. तुमच्या बोलण्यात इंग्रजी किती येतं ते आम्हीही ऐकतो.

गजक, म्हणजे इथली तीळ-गुळाची मिठाई, थंडीतच घ्या, आणि डबा स्टेशनवर न घेता बाजारातून.

परत गेल्यावर फोटो पाठवतो म्हणता, ते पाठवा. ग्रुपवर दोनशे टाकून भागत नाही, आत्यांचा मोबाइल बटणांचा आहे. चार-पाच चांगले निवडून मोठ्या आकारात कागदावर छापून घ्या, मागे नावं लिहा आणि कुरिअरनं पाठवा. एक प्रत वाड्यावर, नानांच्या नावानं.