घार दिसली तरी लिहा

पेन्शनीत निघाल्यापासून पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्या हौशी मंडळींना मी पक्षी, फुलपाखरं, झाडं यांच्या नोंदी करायला शिकवते. पहिल्या दिवशी सगळ्यांना काहीतरी दुर्मीळ हवं असतं. मी सांगते, आधी घार, साळुंकी, टिटवी लिहा. कावळासुद्धा. चिमण्या अंगणात रोज यायच्या तेव्हा कुणी मोजल्या नाहीत, म्हणून आज 'कमी झाल्या हो' म्हणताना हाती आकडा नसतो.

पक्ष्यांसाठी ई-बर्ड आणि फुलपाखरं, सरडे, कोळी, झाडं यांसाठी आयनॅचरलिस्ट. दोन्ही अ‍ॅप फुकट आहेत.

ई-बर्डवर यादी सुरू केली की वेळ आणि अंतर ते स्वतःच मोजतं. शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हणता येईल अशीच यादी करा. मग तुमच्या यादीत नसलेला पक्षी त्या सकाळी तुम्हाला आढळला नाही, हेही अभ्यासकाला कळतं. फक्त मोर आणि धनेश लिहून घरी आलात तर ते कळायचं कसं? संख्याही टाका. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजा आणि तेवढाच घोळका थव्यात किती वेळा बसतो ते बघा. पुण्याजवळ नदीकाठच्या कवडी पाटला हिवाळ्यात चक्रवाक बदकं अशीच मोजावी लागतात. जागा बदलली की नवी यादी; सकाळची टेकडी आणि नंतरचा पाषाण तलाव एकत्र कोंबू नका. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्या आपल्यासारख्यांनीच केल्यात.

फुलपाखराचा फोटो वरूनच काढायची सवय मोडा. कढीपत्त्याच्या झाडाभोवती काळं, मागच्या पंखांवर पांढरे-लाल ठिपके असलेलं फुलपाखरू घुटमळताना दिसतं. सगळे 'कॉमन रोझ' लिहून मोकळे होतात. पण कॉमन रोझ बेचव, पक्षी ते टाळतात, म्हणून कॉमन मॉरमॉन या दुसऱ्या फुलपाखराच्या काही माद्या हुबेहूब त्याचं सोंग घेतात. अंग बघा: लालभडक असेल तर रोझ, काळं असेल तर मॉरमॉन. अंग कुशीतूनच नीट दिसतं, म्हणून एक फोटो बाजूने हवाच. झाडाचं फूल, पान आणि पानाची मागची बाजू, असे तीन फोटो घ्या. अ‍ॅपने सुचवलेलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. खात्री नसेल तर नुसतं 'फुलपाखरू' लिहा, अ‍ॅपवरचे जाणकार ओळख पुढे नेतात.

घुबडाची ढोली किंवा कुठलंही घरटं सापडलं तर ठिकाण धूसर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची जत्रा भरते, मी पाहिलंय. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको. साप दिसला तर लांबूनच फोटो, आणि घरात निघाला तर सर्पमित्राला फोन.

यादी त्याच दिवशी पाठवा. संध्याकाळपर्यंत आठवणीतला शिक्रा ससाणा होतो! खिशात छोटी वही असू द्या, आणि पावसाळ्यात पेन नको, पेन्सिल घ्या.