परत परत येणारा व्हायरस: घरच्या संगणकातून तो मुळासकट कसा काढायचा

अँटिव्हायरस सांगतो, सापडला, काढला. आपण निश्चिंत होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला की तोच संदेश पुन्हा समोर. कोल्हापुरात नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, आमच्या तालमीच्या कार्यालयातले संगणक मी गेली कित्येक वर्षं साफ करून देतो आहे आणि माझ्याकडे येणारी मुख्य तक्रार हीच असते. सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळालेला असतो: फॉरमॅट मारा. मग लोक फॉरमॅट मारून आणतात, त्यात लग्नाचे फोटो जातात, मराठी टायपिंगचे फॉन्ट जातात आणि महिन्याभरात व्हायरस पुन्हा हजर. फॉरमॅटची वेळ कधी येते ते पुढे सांगतो. आधी नीट काढायला शिका. खालची रीत विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी बघा, हा व्हायरसच आहे का

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून पाट्या वर येतात, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले", आणि माणूस घाबरतो. बऱ्याच वेळा हा व्हायरस नसतोच. सिनेमा किंवा क्रिकेट फुकट बघायला गेलेलं असताना कुठल्याशा साइटने "रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा" असं सांगितलेलं असतं आणि घरातल्या कोणीतरी ते दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. तिथे अनोळखी साइटची नावं दिसतील, ती काढून टाका. पाट्या थांबल्या तर काम झालं. एवढ्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. आणि फोन करून "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं ॲप) टाका, मी काढून देतो" असं म्हणणारा माणूस चोरच असतो. फोन ठेवून द्या.

नेट तोडा, कामाच्या फायली काढून घ्या

वायफाय बंद करा, केबल असेल तर उपसा. कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली अजिबात घेऊ नका, बहुतेक वेळा रोग त्यातच असतो. ही डिस्क सगळं संपेपर्यंत दुसऱ्या संगणकाला लावायची नाही.

स्कॅनच्या आधी एक्सक्लूजन्स बघा

हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगतो. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी एक्सक्लूजन्स. ज्या फोल्डरकडे अँटिव्हायरसने बघायचंच नाही, त्यांची ही यादी. आपण स्वतः काही घातलं नसेल तर ती रिकामी असायला हवी. अनेक व्हायरस आत शिरल्याबरोबर या यादीत स्वतःची जागा घालून घेतात आणि काही वेळा अख्खा सी ड्राइव्ह घालतात. मग तुम्ही दिवसभर स्कॅन करा, काहीच सापडणार नाही. जे ओळखीचं नाही ते सगळं तिथून काढा. त्याच पानावर रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना, तेही बघून घ्या.

मुदत संपलेला दुसरा अँटिव्हायरस पडून असेल तर तो काढून टाका, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, जागा होईल. दोन-तीन अँटिव्हायरस एकत्र घालू नका. ते एकमेकांच्या पायात येतात आणि संगणक बसतो.

आता पाच मिनिटांपुरतं फोनच्या हॉटस्पॉटवर नेट देऊन डिफेंडर अपडेट करा आणि नेट पुन्हा बंद करा. मग स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. साध्या स्कॅनच्या वेळी व्हायरस स्वतः चालू असतो, म्हणून लपून राहू शकतो. इथे त्याला ती संधी मिळत नाही.

त्याला परत बोलावणारा शोधा

सगळे जण इथेच अडकतात. मीही अडकलो होतो.

शाहूपुरीतल्या माझ्या मावसबहिणीचा संगणक. ती घरून टायपिंगची कामं करते. तिचा फोन आला, "दादा, अँटिव्हायरस रोज म्हणतोय काढला, आणि रोज परत तेच नाव दाखवतोय बघ." मी गेलो, स्कॅन केलं, फाइल सापडली, पुसली, चहा घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी पुन्हा गेलो, या वेळी फाइल ज्या फोल्डरात होती तो फोल्डरच उडवला. तिसऱ्या दिवशी तो फोल्डर त्याच नावाने त्याच जागी होता. तिच्यासमोर मला अगदी कानकोंडं झालं, कारण तिचं काम तीन दिवस माझ्यामुळे थांबलं होतं.

त्या संध्याकाळी मी काहीही न करता नुसता संगणक सुरू केला आणि बघत बसलो. लॉगिन झाल्यावर डेस्कटॉप आला आणि एक काळी खिडकी डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ चमकून गेली. तिने ती रोज पाहिली होती, पण सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तीच खूण होती. व्हायरसची फाइल हे फक्त फळ. मूळ होतं टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या विंडोजच्या साधनात. तिथे कोणीतरी विंडोजला काम लावून ठेवलं होतं: लॉगिन झालं की अमुक स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालव, आणि नंतर दर दहा मिनिटांनी पुन्हा चालव. फाइल नसेल तर ती स्क्रिप्ट नेटवरून नवी आणत होती. मी फळं तोडत बसलो होतो.

स्टार्ट मेनूत टास्क शेड्यूलर शोधा आणि उघडा. डावीकडे टास्क शेड्यूलर लायब्ररीवर क्लिक केलं की मधल्या चौकटीत कामांची यादी येते. एकेक काम निवडा आणि खालच्या ॲक्शन्स या टॅबवर काय चालवलं जातंय ते वाचा. नावावर अजिबात विश्वास ठेवू नका. बहिणीच्या संगणकातल्या त्या कामाचं नाव एखाद्या साध्या अपडेटचं वाटावं असंच होतं, म्हणून आधीच्या दोन दिवसांत मी ही यादी वरवर चाळूनही फसलो. ॲक्शन्समधला पत्ता वाचा. प्रोग्राम फाइल्समधला, ओळखीच्या सॉफ्टवेअरचा असेल तर सोडून द्या. पण अॅक्शनमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए किंवा पॉवरशेल (स्क्रिप्ट चालवणारी विंडोजचीच साधनं) दिसतंय आणि पुढे अॅपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रामडेटा फोल्डरातली फाइल आहे, किंवा अर्थ न लागणारी अक्षरांची लांबलचक माळ आहे, तर ते काम संशयित. मग शेजारचा ट्रिगर्स टॅब बघा. दर काही मिनिटांनी, अनंत काळ, असं लिहिलेलं दिसलं तर संशय पक्का होतो.

आता घाई करू नका. उजवं क्लिक करून आधी डिसेबल करा, डिलीट नाही. चुकून चांगलं काम बंद केलं असेल तर परत चालू करता येतं. पत्ता कागदावर लिहून घ्या, संगणक पुन्हा सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. काळी खिडकी आली नाही, फोल्डर परत उगवला नाही, तर ते काम डिलीट करा आणि लिहून ठेवलेल्या पत्त्यावरची फाइलही पुसा. हा क्रम उलटा करू नका. आधी फाइल आणि मग काम, असं केलंत तर मधल्या दहा मिनिटांत ती परत येऊ शकते. आणि हे सगळं होईपर्यंत नेट बंदच हवं.

फाइल पुसताना "वापरात आहे" असं आलं तर सेफ मोडमध्ये जाऊन पुसा: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४. काही लॅपटॉप इथे बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधीच लिहून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको.

टास्क शेड्यूलर हे एकच मूळ नसतं. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब बघा. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स नावाचं फुकट साधन आहे, ते संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी एका यादीत दाखवतं. पर्यायांत "हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज" निवडलं की यादी आटोक्यात येते. इथेही आधी फक्त नावासमोरची टिक काढून टाकायची, पुसायचं नंतर.

बहिणीकडे हे आलं कुठून, तेही सांगतो. भाच्याने डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर "फुकट" चालवण्यासाठी ॲक्टिव्हेटर उतरवला होता आणि त्याबरोबरच्या सूचनेत लिहिलं होतं की आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. असं लिहिलेलं वाचलं की तिथेच थांबा, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. लॅपटॉपबरोबर मूळ विंडोज आलेलं असेल तर पुन्हा टाकताना ॲक्टिव्हेटर लागतच नाही, कारण परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो.

ब्राउझर

अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं) काढा, ब्राउझर रीसेट करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारी सोय) आपण न लावता चालू असेल तर बंद करा.

पासवर्ड, पण या संगणकावरून नाही

पासवर्ड चोरणारे व्हायरस आता फार झालेत. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एका झटक्यात उचलतात आणि लॉगिनची खूणही उचलतात, त्यामुळे पासवर्ड माहीत नसताना खातं उघडू शकतात. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांची किल्ली तिथे असते. मग सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगचा पत्ता आणि रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे का ते तपासा. त्यानंतर बँक. पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे मिनिटांना किंमत आहे.

फॉरमॅट कधी

पासवर्ड चोरणारा व्हायरस निघाला आणि त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर मी स्वतः विंडोज पुन्हा टाकतो. फायलींची नावं बदलून त्या उघडेनाशा झाल्या असतील, म्हणजे खंडणीसाठी फायलींना कुलूप लावणारा व्हायरस असेल, तर आधी त्या तशाच कॉपी करून ठेवा. नो मोअर रॅन्सम या साइटवर काही प्रकारांसाठी कुलूप उघडणारी साधनं फुकट आहेत. नवं विंडोज मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा, कुणाच्या खिशातल्या पेन ड्राइव्हवरून नको. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. यंत्राला पेलत असेल तर याच वेळी ११ टाका.

शेवटी ड्रॉवरमधले पेन ड्राइव्ह

आमच्या तालमीच्या संगणकात व्हायरस आला तो बॅनर छापायला दिलेल्या पेन ड्राइव्हमधून. उद्यमनगरात माझ्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं यंत्र) प्रोग्राम पेन ड्राइव्हनेच जातो. तिथे एक बाधित ड्राइव्ह दिवसभरात चार यंत्रं फिरून आला होता.

तो ओळखायचा कसा? ड्राइव्ह उघडल्यावर तुमच्या फायली गायब असतात आणि एकच चिन्ह दिसतं, कोपऱ्यात छोटा बाण, आकार जेमतेम १ ते २ केबी. लोक त्यावर डबल क्लिक करतात, फायली दिसतात, म्हणून काही बिघडलंय असं वाटतच नाही. त्या क्लिकनेच व्हायरस चालू होतो. क्लिक करू नका. फाइल एक्स्प्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा आणि "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स" यासमोरची टिक काढून टाका. तुमच्या फायली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. कधी कधी नाव नसलेल्या फोल्डरात मिळतात. कागदपत्रं तेवढी उचला, ड्राइव्ह फॉरमॅट करा, नंतर ती टिक परत लावा.

घरातले सगळे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्डं आणि सुरुवातीला फायली घेतलेली ती डिस्क एकाच दिवशी तपासून घ्या, मुलांच्या दप्तरातला आणि स्कूटरच्या डिकीतला ड्राइव्ह धरून. झेरॉक्सच्या किंवा बॅनरच्या दुकानात यापुढे फाइल पीडीएफ करून ईमेलने पाठवा.