कचेरीतील संगणक बदलावा की नाही, हे कसे ठरवावे

कापसाचा हंगाम तोंडावर आला की खानदेशातील जिनिंगच्या आणि आडतीच्या कचेऱ्यांतून "यंदा संगणक बदलायलाच हवा" असा सूर निघू लागतो. तो मान्य करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: दर तीन-चार वर्षांनी नवे यंत्र घेण्याची सवय ज्या काळात लागली, तो काळ आता सरला आहे.

इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलेला आणि १९७५ मध्ये सुधारलेला अंदाज असा होता, की चिपवरील ट्रान्झिस्टरांची, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म कळांची, संख्या साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होईल. मूळ मांडणी किमान खर्चात किती घटक बसतील याविषयीची, म्हणजे पैशांच्या हिशेबाची होती, हे सहसा विसरले जाते. ट्रान्झिस्टर वाढत राहिले. पण २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचलेला प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचा, वेग पुढील वीस वर्षांत दुप्पटही झाला नाही, कारण ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटते, हे गणित २००५ च्या सुमारास मोडले आणि उष्णता आवरेना. खर्च मात्र चढतच गेला. चिपवर अतिसूक्ष्म रेखाटन करणाऱ्या एकेका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि आघाडीच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या टीएसएमसी, सॅमसंग व इंटेल अशा तीनच उरल्या. तेव्हा "नवी पिढी" या शब्दाला किती पैसे मोजायचे, हे आपणच ठरवावे.

प्रथम दुखणे नेमके कोठे आहे ते पाहावे. वर्षभराचा हिशेब उघडत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा; संगणकाच्या कोणत्या भागावर किती भार आहे ते त्यात दिसते. प्रोसेसरचा आकडा तीस-चाळीस टक्क्यांवर आणि डिस्कचा शंभरावर असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, भरलेली दिसली तर ती वाढवावी.

यंत्र सकाळी चांगले चालून दुपारी रेंगाळत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि शंभर अंशांच्या आसपास तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. वायर काढून डबा उघडावा. जिनिंगच्या कचेरीत हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांवर रुईच्या तंतूंचा असा थर जमलेला असतो, की तो गोधडीच्या अस्तरासारखा बोटांनी सोलून काढता येतो. पंख्याचे पाते धरून ब्रशने सफाई करावी, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसावी आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी.

एवढे करूनही भागले नाही, तरच बदलाचा विचार करावा. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय-५ ८४०० सारख्या नावातील पहिला आठ म्हणजे ती पिढी. बँक आणि जीएसटीची कामे होणारे यंत्र याहून जुने असेल, तर ते बदलावे. मात्र बिले आणि खातेवहीसाठी सर्वांत नवा प्रोसेसर घेण्याचे कारण नाही, दोन-तीन पिढ्या मागचाही पुरतो. जुने यंत्र विकत घेताना आपला हिशेब पेनड्राइव्हवर सोबत न्यावा, भर दुपारी तो त्या यंत्रावर अर्धा तास चालवून पाहावा आणि मगच पक्की पावती घेऊन पैसे द्यावेत.