चिनी विद्यार्थ्यांना ‘ओपन’ कसा शिकवायचा: ‘ओपन द लाईट’पासून ‘ओपन इन्व्हॉइस’पर्यंत

चिनी माणसाला इंग्रजी शिकवताना ‘ओपन’ सोपा शब्द म्हणून पहिल्या आठवड्यात उरकायचा आणि मग वर्षभर ‘प्लीज ओपन द लाईट’ ऐकत बसायचं, असं बहुतेक शिक्षकांचं होतं. त्यावर सल्ला काय मिळतो, तर ‘ओपन’च्या वीस-पंचवीस अर्थांची यादी द्या आणि पाठ करून घ्या. अहो, पाठांतरात ही मंडळी तुम्हाआम्हाला बाजारात विकून येतील. कॉलेजात सीईटी-फोर नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी त्यांनी जाडजूड शब्दपुस्तकं घोटलेली असतात. त्या पुस्तकांची सुरुवात बहुधा ‘अबॅन्डन’ या शब्दाने होते आणि बरेच जण तिथेच पुस्तक सोडून देतात, हा तिकडचा जुना विनोद आहे. यादी त्यांच्याकडे आहेच, तुमची अजून एक कशाला?

मी ऑनलाईन शिकवते, फक्त मोठ्यांना, आणि त्यातले बरेचसे यिवू, निंगबो, डोंगग्वानकडच्या एक्स्पोर्ट कंपन्यांमधले सेल्सवाले. (शाळकरी मुलांना भारतात बसून शिकवायचा विचार असेल तर सोडून द्या, चीन सरकारच्या २०२१ च्या जुलैमधल्या धोरणाने ती वाट बंद केली.) भोसरी-चाकणला बसून चिनी सप्लायरचे मेल वाचणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, कारण ‘वी विल ओपन मोल्ड’ म्हणजे नक्की काय ते एकदा कळलं की पुढची पाच मेलं लिहावी लागत नाहीत.

आधी ‘खाय’ समजून घ्या

चिनीत ‘खाय’ नावाचं एक क्रियापद आहे. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘ओपन’ लिहिलेलं असतं, ते खोटं नाही पण अर्धवट आहे. दार खाय, दिवा खाय, गाडी खाय, मीटिंग खाय, इन्व्हॉइस खाय, डॉक्टरने औषध खाय, ऑपरेशन म्हणजे ‘खाय दाव’ (शब्दशः सुरी खाय), रात्र जागून काम करणं म्हणजे ‘खाय येछ’ (रात्रीची गाडी चालवणं). आनंदी माणूस ‘खायशिन’ आणि उकळलेलं पाणी ‘खायश्वेई’. आता हेच मराठीत बघा: दार उघडतो, दिवा लावतो, नळ सोडतो, गाडी चालवतो, मीटिंग घेतो, पावती फाडतो, डॉक्टर औषध लिहून देतो. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद, त्यामुळे ‘ओपन द लाईट’ मराठी कानाला लगेच खटकतं. त्यांच्या कानाला ते अजिबात खटकत नाही. म्हणून ‘चूक आहे’ एवढं सांगून भागत नाही, ती कुठून येते ते त्यांना दाखवावं लागतं.

कागदाच्या मध्यभागी त्यांनाच ‘खाय’चं अक्षर काढायला सांगा आणि कामाच्या दिवसात ते कशाकशाला वापरतात ते भोवती लिहू द्या. तुम्ही काही पुरवू नका.

मग त्याची वाटणी करा

झाकण, दार, तोंड, पान असलेल्या वस्तूला ‘ओपन’. वीज, पाणी, गॅसवर चालणाऱ्याला ‘टर्न ऑन’. ‘ओपन द लॅपटॉप’ म्हटलं तर फक्त झाकण वर होतं, आणि ‘ओपन द फोन’ म्हटलं तर समोरचा स्क्रूड्रायव्हर शोधेल. पण फाईल, ॲप, वेबसाईट यांना मात्र ओपनच, कारण आपण आत शिरतो. गाडीला ‘ड्राइव्ह’, मीटिंगला ‘हॅव’ किंवा ‘होल्ड’. ‘बॉस इज ओपनिंग अ मीटिंग’ हे वाक्य चुकीचं नाही, फक्त त्याचा अर्थ बॉस आत्ता उभं राहून सभेची सुरुवात करतोय असा होतो, आणि यांना म्हणायचं असतं की बॉस मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करा.

धंद्यातल्या तीन जागी नीट थांबा, इथे पैशाचा घोळ होतो. पहिली, इन्व्हॉइस. चिनीत ‘खाय फाप्याव’ म्हणजे बिल काढून देणं. त्याचं ‘वी विल ओपन इन्व्हॉइस’ होतं, आणि इकडे अकाउंट्सवाल्यांच्या भाषेत ‘ओपन इन्व्हॉइस’ म्हणजे अजून पैसे न आलेलं बिल. तिथे ‘इश्यू’ हे क्रियापद बसवून घ्या. दुसरी, मोल्ड. ‘खायमो’ म्हणजे नवीन मोल्ड (साचा) बनवणं, त्याचा खर्च कोटेशनमध्ये ‘ओपन मोल्ड फी’ म्हणून येतो. इंग्रजीत त्याला ‘टूलिंग’ म्हणतात, आणि ‘ओपन मोल्डिंग’ ही फायबरग्लासच्या कामातली वेगळीच पद्धत आहे, उघड्या साच्यावर हाताने थर चढवायची. फायबरग्लासवाला गिऱ्हाईक असेल तर दोघंही एकमेकांना ‘येस येस’ म्हणत भलतंच ठरवून मोकळे होतात. तिसरी जागा उलटी आहे: ‘ओपन एलसी’. लेटर ऑफ क्रेडिट (पैसे देण्याची बँकेची हमी) खरंच ओपन करतात, बँकेत खातंही ओपनच करतात, पण पेमेंटच्या अटींमध्ये ‘ओपन अकाउंट’ लिहिलं की माल आधी, पैसे नंतर, म्हणजे सरळ उधारी. विद्यार्थ्याने हे नुसतं ‘अकाउंट उघडायचंय’ असं समजून मान डोलावली तर त्याचा मालक त्याला सोडणार नाही.

अवघड टप्पा: ‘इज ओपन’, ‘इज ओपन्ड’, ‘इज ओपनिंग’

वरचं सगळं महिन्याभरात बसतं. हे बसत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेलाय आणि अजूनही जातो, त्यामुळे घाई करू नका, आणि व्याकरणाचा तक्ता तर मुळीच काढू नका.

अडचण अशी की इंग्रजीने इथे जोडी सरळ ठेवलेली नाही. दुकानाच्या दारावरची पाटी बघा, एका बाजूला ‘ओपन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘क्लोज्ड’. एकाला शेपूट नाही, दुसऱ्याला आहे. हुशार विद्यार्थी जोडी जुळवायला जातो आणि ‘द शॉप इज ओपन्ड’ म्हणतो, नाहीतर उलट बाजूने ‘द शॉप इज क्लोज’, आणि ते तर ‘दुकान जवळ आहे’ असं वाटतं. तिसरा प्रकार ‘द शॉप इज ओपनिंग’, कारण चिनी दुकानांवर पाटी असते ‘यिंगये जोंग’, म्हणजे धंदा चालू आहे, आणि त्यातल्या ‘जोंग’चं इंग्रजी त्यांच्या डोक्यात ‘आयएनजी’ असं पक्कं असतं.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे ‘ओपन हे विशेषणही आहे आणि क्रियापदही आहे हे समजावून सांगा’. सांगा ना. ते ‘ओके टीचर’ म्हणतील, वहीत लिहितील, आणि पुढच्या मेलमध्ये परत ‘अवर फॅक्टरी इज ओपन्ड नाऊ’. त्यापेक्षा त्यांच्या भाषेत हा फरक आधीच आहे तो वापरा. ‘खायल’ म्हणजे उघडली, क्रिया झाली. ‘खायज’ म्हणजे उघडी आहे, अवस्था. आपल्या ‘खिडकी उघडली’ आणि ‘खिडकी उघडी आहे’ यांतला हाच फरक, म्हणून मराठी शिक्षकाला इथे फार विचार करावा लागत नाही. व्हिडिओ कॉलवर विद्यार्थ्याला उठवा, खोलीतली खिडकी उघडायला लावा, उघडताना ‘आय अॅम ओपनिंग इट’, हात काढल्यावर ‘आय ओपन्ड इट’, आणि परत खुर्चीवर बसल्यावर, खिडकीकडे बोट दाखवून, ‘इट इज ओपन’. बसल्याशिवाय तिसरं वाक्य बोलू द्यायचं नाही. दार, बाटली, ड्रॉवर, छत्री, जे हाताला लागेल ते घ्या. चाळीशीचा सेल्स मॅनेजर सुरुवातीला लाजतो, पण करतो.

मग ‘दहा वर्षं’ आणा. चिनीत सरळ ‘खायल श्र न्येन ल’ म्हणतात, म्हणजे दुकान उघडून दहा वर्षं झाली, आणि त्याचं इंग्रजी होतं ‘द शॉप हॅज ओपन्ड फॉर टेन इयर्स’. गंमत म्हणजे हा नियम त्यांना शाळेतच शिकवलेला असतो: क्षणात संपणाऱ्या क्रियापदांचा तक्ता, ‘ओपन’चं ‘बी ओपन’, ‘डाय’चं ‘बी डेड’, ‘बाय’चं ‘हॅव’. गाळलेल्या जागा भरताना एकही चुकत नाही. तोंडात तो तक्ता कधी उतरलेलाच नसतो. म्हणून दोन वाक्यं कायम जोडीने घ्या, ‘इट ओपन्ड टेन इयर्स अगो’ आणि ‘इट हॅज बीन ओपन फॉर टेन इयर्स’, आणि प्रत्येकाला स्वतःची कंपनी, गल्लीतलं नूडलचं दुकान, मुलीची शाळा यांवर दोन्ही म्हणायला लावा.

आणि हे नीट ऐका, नाहीतर महिने वाया जातील: हा टप्पा तोंडी तपासू नका. शब्दाच्या शेवटी व्यंजनांचा गठ्ठा आला की चिनी विद्यार्थी बहुतेक वेळा शेवटचं गिळतो, त्यामुळे ‘ओपन’ म्हणाला की ‘ओपन्ड’ ते तुम्हाला कळतच नाही, सगळं बरोबर वाटतं आणि तुम्ही शाबासकी देऊन पुढे जाता. टाईप करून घ्या. प्रत्येक वाक्य, चॅटमध्ये, तुमच्या डोळ्यांदेखत.

वाक्प्रचार: आयते, फसवे आणि नवे

आयते एका तासात होतात. ‘ओपन फायर’ म्हणजे त्यांचं ‘खाय हुओ’, ‘ओपन सीक्रेट’ म्हणजे आपलं उघड गुपित, त्यांच्याकडेही तसंच आहे. पुस्तक समोर ठेवून द्यायची परीक्षा त्यांच्याकडेही ‘खाय ज्वेन’, उघड्या पुस्तकाची. ‘ओपन सेसमी’ तर ‘जमा खायमन’ म्हणून प्रत्येकाला पाठ, आपल्या ‘तीळा तीळा दार उघड’सारखं. टेनिसमधलं ‘ओपन’ शिकवायला ली ना पुरेशी आहे, वुहानची, २०११ ला फ्रेंच आणि २०१४ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेली. हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही खुली म्हणून ते नाव, आणि हे १९६८ पासून सुरू झालं, एवढं सांगितलं की झालं.

फसव्यांकडे लक्ष द्या. ‘ओपन अप’ हा शब्द त्यांना १९७८ पासूनच्या आर्थिक धोरणाच्या नावामुळे माहीत असतो, ‘रिफॉर्म अँड ओपनिंग अप’, त्यामुळे ‘शी ओपन्ड अप टू मी’ वाचून त्यांना व्यापारच आठवतो. मन मोकळं केलं, हे वेगळं शिकवावं लागतं. त्याहून नाजूक म्हणजे ‘खायफांग’, शब्दशः ‘खुला, मोकळा’. एखाद्या बाईबद्दल तो चिनी शब्द वापरला तर तिच्या चारित्र्याकडे बोट जाऊ शकतं. म्हणून ‘ओपन-माइंडेड’ हे निव्वळ कौतुक आहे यावर विद्यार्थिनींचा पटकन विश्वास बसत नाही, आणि विद्यार्थी ‘शी इज व्हेरी ओपन’ बोलून जातात तेव्हा आपण दचकतो. ‘माइंडेड’ सोडायचं नाही असं बजावा.

नवे फार देऊ नका. ‘ओपन-एंडेड’, ‘जॉब ओपनिंग’ आणि ‘वी आर ओपन टू डिस्काउंट’ची दुरुस्ती, म्हणजे ‘ओपन टू डिस्कसिंग अ डिस्काउंट’, नाहीतर गिऱ्हाईक सूट कबूल झाली असं समजून बसतं. ‘ओपन अ कॅन ऑफ वर्म्स’ (किड्यांचा डबा उघडणं, म्हणजे नसती भानगड उकरून काढणं) मी शिकवत नाही. कोणी विचारलंच तर सांगते, पण ऑफिसच्या मेलमध्ये किडे हवेत कशाला.

शेवटी विद्यार्थ्याला त्याने पाठवलेली जुनी मेलं उघडायला सांगा, गिऱ्हाइकांची नावं झाकून, आणि ‘ओपन’ सर्च करून एकेक सुधारून घ्या. कँटन फेअर, म्हणजे ग्वांगजौचं मोठं व्यापारी प्रदर्शन, एप्रिल आणि ऑक्टोबरला असतं, त्याच्या महिनाभर आधी हे करून घेतलं तर स्टॉलवर उपयोग होतो. ‘ओपन’ बसला की लगेच ‘क्लोज’ घ्या, कारण ‘ग्वान’चा (चिनीतलं ‘बंद करणं’) घोळ अगदी असाच आहे, ‘क्लोज द लाईट’ वगैरे, फक्त निम्म्या वेळात उरकतो.