सत्तरच्या दशकातील विस्मृत विनोदी मारधाडपटांची पोस्टरे कशी जमवावीत

१९७२ सालच्या ‘व्हिक्टोरिया नं. २०३’मधील अशोक कुमार आणि प्राण यांची जोडी सर्वांना आठवते. परंतु खरी गोडी आहे ती त्याच धाटणीच्या, पुढे कोणी नावही न काढलेल्या चित्रपटांत, जिथे ठोसा आणि शाब्दिक कोटी एकाच दृश्यात येतात. ठाण्यातील संग्राहकाने सुरुवात जवळच्या रद्दीच्या दुकानांपासून करावी आणि मगच मुंबईचा चोर बाजार गाठावा.

पोस्टर हाती आले की घडीवरून बोट फिरवावे. अस्सल जुन्या कागदाची घडी बोटाला जाणवते, किंचित झिजलेली असते; नव्या प्रतीत मात्र घडीची रेघ केवळ छापलेली असते आणि कागद सपाट लागतो. ही एक परीक्षा पुष्कळ पैसे वाचवते. मुद्रकाचे नाव तळाशी बारीक अक्षरांत असते, तेही वाचावे.

याच चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट घेताना कॅसेटवरील पारदर्शक खिडकीतून फितीच्या कडा पाहाव्यात. पांढरी भुकटी दिसल्यास ती बहुधा बुरशी असते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये कदापि घालू नये, कारण पुढच्या कॅसेटलाही ती लागते. खाडीकाठच्या पावसाळ्यात संग्रह बाहेरच्या भिंतीपासून दूर, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात.