जर्मनमध्ये भेट ठरवायची कशी, मोडायची कशी

मी कोथरूडला घरीच जर्मनचे वर्ग घेते. गोएथे या जर्मन संस्थेच्या ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या परीक्षेत बोलण्याचा तिसरा भाग असा असतो: दोन परीक्षार्थी समोरासमोर, प्रत्येकाच्या हातात आपापलं वेळापत्रक, आणि दोघांनी मिळून एक वेळ ठरवायची. व्याकरणात पक्की असलेली मुलंही इथे अडखळतात. शब्द पाठ असतात, पण तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. ‘बघते’, ‘जमलं तर येते’, ‘कळवते तुला’ ही आपली रोजची उत्तरं. जर्मन माणूस मात्र डायरी उघडून बसलेला असतो. यातलं काय लिहायचं ते त्याला समजत नाही.

म्हणून वर्गात पहिल्यांदा हेच सांगते, की मऊपणा क्रियापदात ठेवा, उत्तरात नको.

क्रियापद मऊ करायचं ते असं. ‘हास्ट डू त्साइट?’ म्हणजे ‘तुला वेळ आहे का?’ चूक काही नाही, पण जरा थेट आहे. त्याचं ‘हेटेस्ट डू आम झाम्स्टाग त्साइट?’ केलं, की आपल्या ‘शनिवारी वेळ असेल का गं?’ची गोडी येते. मैत्रिणीला सिनेमाला बोलवायचं तर ‘हेटेस्ट डू लुस्ट, इन्स कीनो त्सु गेअन?’ दिवस सुचवायला ‘वी वेअरे एस मिट झाम्स्टाग?’ म्हणजे ‘शनिवार कसा वाटतो?’ ही तीन वाक्यं तोंडात बसली की निम्मं काम झालं. त्याआधी ‘हास्ट डू आम झाम्स्टाग शोन वास फोअर?’, म्हणजे ‘शनिवारी आधीच काही ठरलंय का?’, असं विचारलं तर समोरच्यालाही सुटायला वाट राहते.

ऑफिसमध्ये, घरमालकाशी, डॉक्टरकडे ‘झी’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. ‘हेटन झी आम डॉनर्स्टाग त्साइट?’ किंवा ‘व्युर्डे ईनन डॉनर्स्टाग पासन?’, म्हणजे ‘गुरुवारी वेळ असेल का तुम्हाला?’ किंवा ‘गुरुवार चालेल का?’ समोरच्याने आपणहून ‘डू’ वर, म्हणजे ‘तू’ वर यायला सुचवेपर्यंत ‘झी’ सोडू नका. दवाखान्यात फोनवर एवढंच पुरतं: ‘गूटन टाग, इश हेटे गेअर्न आइनन टेर्मीन.’ टेर्मीन म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. हा शब्द तिथे केस कापण्यापासून सरकारी कचेरीपर्यंत सगळीकडे लागतो.

दोन खड्डे आधीच दाखवून ठेवते. ‘हाल्प आख्ट’ म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. आठच्या दिशेने अर्धा तास झाला, असा हिशोब. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या काही भागांत ‘ड्रायफिर्टल आख्ट’ म्हणतात. ते मात्र आपल्या पावणेआठसारखंच, त्यामुळे पुणेकराला सोपं जातं. शंका आली तर आकड्यात लिहून विचारा, १९:३० का? तिथे २४ तासांचं घड्याळ सर्रास चालतं. दुसरा खड्डा ‘इश लाडे डिश आइन’चा, म्हणजे ‘मी तुला बोलावते’चा. हॉटेलच्या बाबतीत हे म्हटलं, की बिल तुमच्याकडे. नुसतं सोबत जेवायचं असेल तर ‘वोलन विअर त्सुझामन एसन गेअन?’ म्हणा. मग वेटरने विचारल्यावर ‘गेट्रेन्ट’, म्हणजे ज्याचं त्याने, हे अगदी रीतसर असतं. कुणाला त्यात कंजूसपणा वाटत नाही.

आता मोडणं. इथे जागा मी मुद्दाम जास्त देते, कारण ठरवणं कसंही जमतं. चार गोष्टी, याच क्रमाने: वाईट वाटतंय, येत नाही, एका ओळीत कारण, आणि नवी वेळ. वर्गात फळ्यावर लिहिते तो निरोप असा:

‘लीबे काट्रीन, एस टूट मिअर झेअर लाइट, आबर इश मुस फ्युअर झाम्स्टाग आप्झागन. माइने टॉख्टर हाट फीबर. क्योनन विअर डास फेअरशीबन? पास्ट डिअर डेअर नेख्स्टे झाम्स्टाग?’

म्हणजे: प्रिय काट्रीन, फार वाईट वाटतंय, पण शनिवारचं मला रद्द करावं लागतंय. मुलीला ताप आहे. पुढे ढकलूया का? पुढचा शनिवार चालेल तुला?

यात ‘आप्झागन’, म्हणजे रद्द करणं, हा शब्द हवाच. तो गाळून नुसतं तापाचं लिहिलंत, तर काट्रीन ‘मग येतेयस की नाही?’ असं परत विचारणार. कारण सांगायचं नसेल तर ‘मिअर इस्ट लायडर एटवास दात्स्विशनगेकोमन’, म्हणजे ‘मध्येच काहीतरी उपटलं’, एवढं बास. पुढे कुणी खोदून विचारत नाही. आमच्या मुली मात्र ताप, पाहुणे, सासूबाईंचा गुडघा आणि पाऊस, सगळं एका निरोपात घालतात. एक कारण खरं वाटतं, चार कारणांनी संशय येतो.

उत्तर बहुधा ‘शाडे!’ असं येईल. ‘अरेरे’ एवढाच त्याचा अर्थ, राग समजू नका. आजारपण असेल तर शेवटी ‘गूटे बेसेरुंग’, म्हणजे लवकर बरं वाटू दे.

दवाखान्याची वेळ रद्द करायची तर आदल्या दिवशीच फोन करा: ‘इश मुस माइनन टेर्मीन आम मोंटाग लायडर आप्झागन.’ अनेक ठिकाणी निदान २४ तास आधी कळवायला सांगतात. न कळवता बुडवलेल्या वेळेचे पैसे काही डॉक्टर लावतात.

आणि खरंच अजून ठरलं नसेल तर? तेही चालतं, फक्त उत्तराची तारीख द्या. ‘इश झागे डिअर बिस डॉनर्स्टाग बेशाइट’, गुरुवारपर्यंत सांगते. मग गुरुवारी सांगा, उत्तर नाही असलं तरी.