घोरणं मोजणारं अ‍ॅप लावताय? या चुका टाळा

सकाळी उठून अ‍ॅप बघितलं तर घोरण्याचा स्कोअर अगदी कमी, आणि शेजारी झोपणारी बायको म्हणते रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तुमच्या घोरण्यामुळे. आता खरं कोणाचं? बहुतेक वेळा बायकोचंच. अ‍ॅपपर्यंत आवाज नीट पोचलेलाच नसतो आणि तो का पोचला नाही याची कारणं घरोघरी तीच ती असतात. आमच्याकडे बाबांसाठी हे सगळं बरेच महिने चाललं, पुढे त्यांची स्लीप स्टडी म्हणजे झोपेतली श्वासाची तपासणी झाली, उपचार सुरू झाले, आणि आता ओळखीत कोणी विचारलं की मी आधी त्यांचा फोनच मागून घेते, कारण निम्मा घोळ तिथेच सापडतो.

रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं

ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. रात्री अकराला चालू केलं आणि रिपोर्टमध्ये फक्त पहिला दीड तास आहे, पुढे काहीच नाही. लोकांना वाटतं अ‍ॅप भंगार आहे, काढून टाकतात, दुसरं घेतात, त्याचंही तेच होतं. खरं तर शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी अशा बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन बंद झाल्यावर मागे चालणारी अ‍ॅप फोन स्वतःच बंद करून टाकतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, त्यात बॅटरी, आणि तिथे 'नो रिस्ट्रिक्शन्स' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड' असं जे असेल ते निवडा. ऑटोस्टार्ट नावाचं बटण असेल तर तेही चालू करा. बॅटरी सेव्हर रात्री आपोआप लागत असेल तर तो काढा. आणि रात्रभर फोन चार्जिंगला ठेवा, काही अ‍ॅप तर चार्जर लावल्याशिवाय घोरणं पकडायला सुरुवातच करत नाहीत.

अ‍ॅपचं नोटिफिकेशन नको वाटतं म्हणून बंद करणारेही खूप आहेत, ते करू नका. अँड्रॉइड ९ पासून नियमच असा आहे की मागे गुपचूप चालणाऱ्या अ‍ॅपला माइक मिळत नाही, वर नोटिफिकेशन दाखवत चालणाऱ्यालाच मिळतो, त्यामुळे झोपण्याआधी ते दिसतंय ना एवढं बघून घ्या. नवीन अँड्रॉइडवर वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आणि आयफोनवर नारिंगी ठिपका दिसतो, तो दिसला म्हणजे माइक चालू आहे. आयफोनवाल्यांनी अ‍ॅप वर सरकवून बंद करायचं नाही, नुसती स्क्रीन लॉक करायची.

फोन आला की माइक कॉलकडे जातो आणि कॉल संपल्यावर काही अ‍ॅप परत सुरूच होत नाहीत. एअरप्लेन मोड लावला की हा प्रश्न मिटतो, अलार्म तरीही वाजतो. पण गावाकडे म्हातारे आईवडील असतील तर फोन पूर्ण बंद ठेवणं बरोबर नाही, तेव्हा 'डू नॉट डिस्टर्ब' लावून त्यांचे नंबर चालू ठेवा, एखादी रात्र फुकट गेली तरी चालेल. ब्लूटूथचंही बघा, कानात घालायचे बड्स जोडलेले राहिले तर कधीकधी आवाज त्यांच्या माइकमधून घेतला जातो.

फोन उशीखाली

नको. एक तर चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तापतो, ते धोक्याचं आहे, आणि दुसरं म्हणजे माइक कापडाने झाकला जातो. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो, ती कड चेहऱ्याकडे करून फोन पलंगाशेजारच्या स्टुलावर, साधारण गादीच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवायचा. जागा ठरली की रोज तीच. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने कमी भरतो, म्हणजे एक दिवस स्टुलावर आणि एक दिवस खिडकीत ठेवलात तर घोरणं कमी झालं की फोन लांब गेला हे कळणारच नाही. डेसिबलचे आकडे तसेही खरे मोजमाप नव्हेत. प्रत्येक फोनचा माइक वेगळा, कव्हर वेगळं, त्यामुळे तुमचा आकडा आणि मेव्हण्याचा आकडा शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे पंखा. वारा सरळ माइकवर आला की रेकॉर्डिंगमध्ये नुसती भर्रर्र ऐकू येते आणि अ‍ॅप कधी त्यालाच घोरणं समजतं, कधी त्याखाली खरं घोरणं बुडतं. फोनच्या वाऱ्याच्या बाजूला पुस्तक उभं केलं तरी बराच फरक पडतो. विदर्भात मे महिन्यात कूलर रात्रभर चालतो, तेव्हा कूलरच्या रात्रींची तुलना कूलरच्याच रात्रींशी करा, डिसेंबरच्या शांत खोलीशी नको.

याला एक साधी चाचणी आहे, ती कोणी करत नाही. झोपायच्या वेळी पंखा नेहमीच्या स्पीडवर ठेवून फोन जागेवर ठेवा, साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर दोन मिनिटं रेकॉर्डिंग लावा, आडवं व्हा, आधी मुद्दाम घोरल्याचा आवाज काढा आणि मग नुसता जोरात श्वास घ्या. हेडफोन लावून ऐका. घोरणं आणि श्वास दोन्ही पंख्यातून वेगळं ऐकू आलं तर जागा बरोबर आहे, श्वास अजिबातच ऐकू येत नसेल तर फोन आणखी जवळ घ्या.

एका खोलीत दोघं, तिघं, चौघं

कोण घोरतंय हे अ‍ॅपला खात्रीने ओळखता येत नाही. फोन ज्याच्या बाजूला त्याच्या नावावर सगळं जमा होतं, बायकोचं घोरणं नवऱ्याच्या खात्यात आणि उलटही. शक्य असेल तर एखाददोन रात्री वेगळ्या खोलीत झोपा, आणि वन रूम किचनमध्ये ते शक्य नसतं तेव्हा क्लिप एकत्र बसून ऐका, घरच्यांना कोणाचा आवाज आहे ते लगेच कळतं. खोलीतल्या सगळ्यांना आधी सांगा मात्र. रात्रीचं बोलणं, भांडण, झोपेत बरळणं सगळं त्यात येतं. अ‍ॅपला माइक आणि नोटिफिकेशन एवढंच पुरतं, कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर देऊ नका, आणि रेकॉर्डिंग फोनमध्येच राहतं की क्लाउडवर जातं ते सेटिंगमध्ये बघा.

स्कोअर बघितला आणि क्लिप ऐकलीच नाही

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अ‍ॅप आवाज ऐकतं, श्वास मोजत नाही. स्लीप अ‍ॅप्नियामध्ये घसा आतून बंद होतो आणि १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आतच जात नाही, आणि त्या वेळात आवाजही नसतो! म्हणजे सगळ्यात वाईट क्षण अ‍ॅपच्या लेखी शांत झोप.

ऐकायला ते कसं असतं ते सांगते. घोरणं चढत जातं, चढत जातं आणि अचानक तुटतं. मग फक्त पंखा. आपण घड्याळाकडे बघत राहतो, दहा, पंधरा, वीस सेकंद, आणि मग एकदम घुसमटल्यासारखा मोठा हुंदका, कूस बदलल्याचा आवाज, आणि परत घोरणं सुरू. असं एकदा ऐकलं की ग्राफवरची ती सपाट रेघ पुन्हा चांगली वाटत नाही. बरीच अ‍ॅप फक्त मोठ्या आवाजाचे तुकडे सेव्ह करतात, त्यात हा शांत भागच कापला जातो, म्हणून पूर्ण रात्र रेकॉर्ड करायचा पर्याय असेल तर दोनतीन रात्री तो लावा. जागा लागते, आवाज न दाबता सेव्ह केला तर आठ तासांचे अडीच जीबीपर्यंत जातात, ऐकून झालं की उडवा.

त्याहून उपयोगी म्हणजे घरच्या कोणीतरी काढलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात चेहरा, छाती आणि पोट दिसतंय. छाती-पोट हलतंय, जोर लावतंय, पण श्वासाचा आवाज नाही, हे डॉक्टरांना दाखवलं तर त्यांना पुष्कळ कळतं.

हातातल्या स्मार्टवॉचवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सॅमसंग आणि अ‍ॅपल दोघांच्या अ‍ॅप्नियाच्या फीचरला एफडीए या अमेरिकेच्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेची मान्यता २०२४ मध्ये मिळाली, पण ती इशारा देण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. अ‍ॅपल ३० दिवसांचा डेटा बघतं. इशारा आला नाही म्हणजे आजार नाही असं त्यातून निघत नाही.

एका रात्रीवरून काही ठरवू नका हेही आलंच. सर्दी, दारू, झोपेची गोळी, उताणं झोपणं यांनी घोरणं वाढतं, ते त्या त्या रात्री अ‍ॅपमध्ये नोंदवा. आणि उपाय एका वेळी एकच, आठवडाभर. नवी उशी, नाकाची पट्टी आणि कुशीवर झोपणं सगळं एकाच दिवशी सुरू केलं तर कशाने फरक पडला ते देवालाच माहीत. तोंडाला टेप लावायचं जे चाललंय ते तपासणीआधी अजिबात करू नका, नाक चोंदलं तर श्वास घ्यायचा कुठून?

अ‍ॅप बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी जायचं

श्वास थांबताना कोणी पाहिलंय, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते, सकाळी डोकं दुखतं, गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नाही, यातलं काहीही असेल तर महिनाभर ग्राफ जमवत बसू नका. कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञाकडे जा. एपवर्थ म्हणून आठ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, २४ पैकी १० च्या वर गुण आले तर दिवसाची झोप जास्त मानतात, ती भरून न्या, सोबत दोनतीन क्लिप आणि तो व्हिडिओ. लहान मूल जवळजवळ रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर त्याच्यासाठी अ‍ॅप लावूच नका, टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) तपासून घ्या.

स्लीप स्टडी आता घरीही होते. नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. त्यातून एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अडला तो आकडा मिळतो. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. हा आकडा कुठलंही घोरण्याचं अ‍ॅप देऊ शकत नाही, आणि सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लावायचं की नाही हे ठरवताना तोच लागतो.

सीपॅप सुरू झाल्यावरही काहीजण जुनं अ‍ॅप लावून ठेवतात आणि मास्कमधून सुटणाऱ्या हवेचा आवाज घोरणं म्हणून मोजला गेला की घाबरतात, मशीन बंद करतात. करू नका. बहुतेक मशीन स्वतःच रोजचा एएचआय आणि मास्कची गळती नोंदवतं, गळती जास्त दिसली तर मास्कचा साइज किंवा पट्टा बदलून घ्या आणि तेवढ्यापुरता डॉक्टरांना फोन करा.